कातळावरचा फोटो

दिग्गी, मंगळवार, दिवेलागण

घरात रेंज नावालाच, म्हणून मघाशी कातळावर जाऊन कोरियातल्या लेकाला व्हिडिओ कॉल केला. तिथं घरातलं नेट वाऱ्यासारखं पळतंय म्हणे, जर्मनीतल्या मित्राकडं त्याच्या निम्मंबी न्हाई. बोलता बोलता त्याचं चित्र अडकलं, तोंड उघडं. मला हसूच आलं. घरी आले.

दारात पोचते तर त्यानं कॉलमधलाच माझा फोटो धाडलेला. सगळा पुसट, वर नुसती चकरी फिरतेय. माझ्या पिवळ्या पदरामागं काळं काहीतरी. झाड असंल?

"कातळावर नेल्याबिगर उघडायचा न्हाई," म्हणत हे फोन घेऊन गेले.

आत्ता लिहिताना ते उघडं तोंड परत डोळ्यांपुढं आलं. तो हसत नव्हता. माझ्याकडं बघतबी नव्हता, माझ्या मागं बघत होता.

दोनदा हाक मारली. ह्यांची ओ न्हाई.

कातळावर एकबी झाड न्हाई.