जनाबायचं शेत

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

माझंच शेत मला विकायला निघाले!

शेणव्याच्या नाक्यावर चहा घेत होतो. साईनाथ नावाचा दलाल शेजारी येऊन बसला. ओळख ना पाळख, मोबाइल पुढे केला — "सर, बघा, रिव्हर टच प्लॉट. फार्महाऊसला एक नंबर." ड्रोनने काढलेला व्हिडिओ. आधी ओळखलंच नाही. मग आंब्याखालचं खळं दिसलं, खळ्यावर भात झोडणारी बाई दिसली — आमची जनाबाय! माझी सख्खी थोरली बहीण! आणि रिव्हर म्हणजे आमचा ओढा. मे महिन्यात त्यात म्हशीची शेपटी भिजत नाही.

"मालक कोण?" मी विचारलं.

"अनंता म्हणून हायत, आसनगावला. त्यांचा भाऊ मास्तर हाय मुरबाडला, त्याची सही बाकी. पण तो देईल म्हणाले."

तो मास्तर मीच, असं सांगितलं. त्याचा चहा तसाच राहिला.

१० नोव्हेंबर

अनंताला फोन लावला. धाकटा भाऊ, पण माज थोरल्याचा.

"दादा, तुला विचारलं असतं तर तू नाय म्हटला असता."

म्हणून विचारलं नाही! काय पण युक्तिवाद!

मी म्हटलं, या जमिनीत मी वाढलो. सकाळी नांगर धरून मग शाळेत जायचो. बावीस वर्षं कृषी विद्यालयात पोरांना घसा फोडून सांगतोय, जमीन विकू नका. उद्या त्यांच्यापुढे कुठल्या तोंडाने उभा राहू?

"तू तुझ्या तोंडाचं बघ. शेत करतो कोण?"

"जनाबाय करते!"

"तेच म्हणतोय मी."

आणि फोन ठेवून दिला. मी नव्हे — त्याने!

१२ नोव्हेंबर

लावणीची सुधारित पद्धत शिकवत होतो. नेहमीचा फोटो पडद्यावर लावला — चिखलात वाकलेली जनाबाय, मागे दोरीवर आखल्यासारख्या ओळी. मीच शिकवली होती तिला ती पद्धत. मागच्या बाकावरून रविनाने विचारलं, "सर, या बाईंचं नाव काय?"

अकरा वर्षं हा फोटो दाखवतोय. कोणी विचारलं नव्हतं. "माझी बहीण," म्हणालो.

"नाव, सर?"

उगाच खेकसलो तिच्यावर. प्रश्न विषयाला धरून विचारा म्हणालो. पुढचा फोटो लावला.

१३ नोव्हेंबर

मी सही दिली नाही तरी अनंता वाटणी मागेल. अर्धं विकेलच, तेही ओढ्याकडचं! पण जनाबाय आहे ना! बापाच्या जमिनीत लेकीचाही वाटा असतो. ती नाही म्हणाली की हा काय विकतो, बघतोच!

१६ नोव्हेंबर, रविवार

भाग्यश्री आणि हर्षालीला घेऊन शेणव्याला गेलो. बायको-मुलगी बरोबर असली की माझा आवाज चढत नाही, असा माझा समज.

जनाबाय खळ्यावर भात वारवत होती. चोविसाव्या वर्षी नवऱ्याने दारात आणून सोडलं तिला, तेव्हापासून हे शेत तिच्याच अंगावर. आज छप्पन्नची आहे. आई-बाबांचं आजारपणही तिनेच काढलं. सूप खाली ठेवायला लावलं आणि सगळं सांगितलं. साईनाथ, व्हिडिओ, अनंताची बेइमानी. म्हटलं, "तू कशावरच सही करायची नाहीस. कळलं?"

ती हसली. "माझी सही आता कोणाला लागते रे? मी तर कवाच दिली."

"कोणाला? अनंताला?" — मी उठलोच!

"तुला."

बाबा गेले त्या वर्षी. २००९. मी तिला शहापूरला नेलं होतं. हक्कसोड पत्र. तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. मिसळ खाऊ घातली होती मी. सगळं तिला आठवतं! "तू म्हणला, नुसती कागदाची गोष्ट हाय बाय, घर तुझंच. मला पैली सही जमली नाय, तर तू माझा हात धरला."

मीच काहीतरी बोलत राहिलो — तेव्हाची पद्धत, सगळेच करत होते, तुकडे पडू नयेत म्हणून. जनाबायने सूप उचललं. वारा पडायच्या आत तिला आटपायचं होतं.

परतताना गाडीत हर्षाली म्हणाली, "बाबा, तुम्ही विसरलात हे?"

"विसरलो."

"सोयीचं आहे."

गाडी बाजूला घेतली. म्हणालो, उतर खाली! भाग्यश्री म्हणाली, "ती नाय उतरणार. चालवा."

चालवली.

१७ नोव्हेंबर

रजा टाकली. अनंतावर संतापायला गेलो की मध्येच थांबतो. हरामखोर म्हणायला आता दोघे आहेत.

२० नोव्हेंबर

ठरलं! माझा अर्धा हिस्सा जनाबायच्या नावावर करणार. बक्षीसपत्र. आज शहापूरला जाऊन वकिलाकडून मसुदा करून घेतला. अनंताला कळवलं. म्हणाला, "दे. मी माझं विकतोच." वीक म्हटलं, नालायका! बहिणीचा अर्धा तरी राहील.

घरी भाग्यश्रीला मसुदा वाचून दाखवला. वाटलं, बरं वाटेल तिला. ती पोळ्या लाटत होती. एवढंच म्हणाली, "तिला विचारलंत?"

विचारायचं काय त्यात! जन्म गेला तिचा त्या शेतात, कागदावर नाव नाही, आणि विचारायचं? या घरात चांगलं काही करायला गेलं तरी आधी उलटतपासणी!

जेवलो नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

एकटाच गेलो. जनाबायने सगळा मसुदा नीट ऐकून घेतला. मग म्हणाली, "मला नको. विका."

मला वाटलं, रागाने बोलतेय. म्हटलं, बाय, तुझा जीव आहे या शेतावर!

"तुला कोणी सांगितलं? मला जायला दुसरी जागा नव्हती म्हणून रायले. बत्तीस पावसाळे वाकले. पाठ सरळ करून झोपता येत नाय. माझा वाटा माझ्या हातात दे. शहापूरला एक खोली घेईन, नळ असलेली, शेजार असलेली."

मी म्हणालो, विकायची नाही जमीन. आवाज चढला असणार, कारण शेजारची गिरजा बाहेर आली.

जनाबायचा चढला नाही. म्हणाली, "मंग ठेव. पण पुढल्या पावसात आवणाला मी नाय. भात तू लाव."