रुबार्ब उगवतो ती जागा

मी, लुएला टाइन्स, वय अठ्ठ्याहत्तर, मूळची कोल कोव्ह या काळ्यांच्या वस्तीची, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण आम्हा काळ्या माणसांच्या नुसत्या शब्दावर शहराच्या कचेरीचा विश्वास बसत नाही.

१. कोल कोव्हचे माझे घर मी भाची ओडेसा हिला देते. वकीलबाई म्हणाल्या, "लुएलाबाई, तीस वर्षांपूर्वी पाडलेलं घर कसं देणार?" मी म्हटले, "शहराने कागद न दाखवता पाडलं. मी निदान कागदावर देतेय!" आमच्या जमिनी आजोबांनी बोट दाखवून वाटल्या होत्या: विहिरीपासून सफरचंदाच्या झाडापर्यंत तुझी. कर घेताना शहराला ते बोट चालले. घालवताना मात्र खरेदीखत लागले.

२. माझी पाणी उकळण्याची किटली शहराला द्यावी. नळ मागितला तेव्हा त्यांनी 'पाणी उकळून प्या' अशी पाटी दिली. मग शहराचा कचरा आमच्या दाराशी आणून टाकला, आणि पाहणी करून लिहिले की वस्ती घाणेरडी आहे. सामान हलवायला गाड्या पाठवल्या त्याही कचऱ्याच्या. आई चर्चची टोपी घालून ड्रायव्हरशेजारी ताठ बसली होती. नव्या गल्लीतले गोरे शेजारी पडद्याआडून बघत होते. तो राग मी कोणालाच देत नाही, तो माझ्याबरोबरच पुरून टाकावा.

३. माझा तंबूही ओडेसाला. कोल कोव्हवर आता बाग आहे. तिथे कुत्र्यांना मोकळे सोडता येते, माणसांना रात्री राहता येत नाही. आम्ही तरी दर जुलैत आपापल्या घराच्या जागी तंबू ठोकून राहतो. ओडेसाने एकही जुलै चुकवू नये. जागा रिकामी दिसली की ती आपली राहत नाही, हे आम्ही एकदा भोगले आहे. रखवालदाराने परवाना विचारलाच तर भुंकून दाखवावे.

४. शेजारी पर्सी बायर्स. त्याचे कोंबड्यांचे खुराडे आमच्या स्वयंपाकघराला लागून होते. हा तेरा वर्षे दर जुलैत ओरडतो, "लुएला, माझ्या खुराड्यात झोपतेस, अंडी घातलीस की सांग गं!" मीही त्याला सोडत नाही: "मेल्या, हे माझ्या आईचं स्वयंपाकघर आहे!" आता मरताना खोटे नको. आईने स्वयंपाकघराच्या दाराशी रुबार्ब लावला होता. बुलडोझर फिरला तरी त्याचे आंबट लाल देठ दरवर्षी वर येतात, आणि येतात ते पर्सीच्या तंबूमागे. मला हे सात वर्षांपूर्वीच दिसले. त्याच्यापुढे हार मानवली नाही. ओडेसाने तंबू तिथे ठोकावा. साक्षीदाराला काही देता येत नाही, म्हणून पर्सीला काही ठेवलेले नाही. साक्षीदार केला आहे, म्हणजे हे वाचावे तरी लागेल.

ठिकाण: नोव्हा स्कोशिया. ४ मे १९९६.
सही: लुएला टाइन्स

साक्षीदार: १) व्हेरा स्किनर, वकीलबाईंची कारकून
२) पर्सी बायर्स. वाचलं. रुबार्ब मला पहिल्याच वर्षी दिसला होता. तू खुराड्यातून हलेनास, आणि तुझी जागा मोकळी सोडली असती तर कुत्र्यांनी तो उकरला असता. म्हणून मी तिथे झोपलो. या जुलैत तंबू हलवतो. तू ये मात्र.