सात भातांची एक रास

मॅडम, लिहिताना चुका होतील, माफ करा. आठवीतनं शाळा सुटली, अन मोबाईलवर एकेक अक्षर शोधत टाइप करते, म्हणून लय वेळ लागतो. तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली. मी आता एकोणीसची हाय, नर्सरीत रोपं भरते. समोर बसून बोलायचं म्हटलं की मला अजून घाम फुटतो.

गंगापूर रोडला तुमच्या घरी आई स्वयंपाकाला यायची अन मी तिच्या मागं. तुम्ही कॉलेजात शिकवायच्या, सुट्टीत आमच्या पेठच्या डोंगरात भाताच्या जुन्या जाती शोधत फिरायच्या. एवढी शिकलेली बाई आमच्या मावशीसमोर खाली बसून "हे कसं ओळखता, मला शिकवा" म्हणते, हे मी पहिल्यांदाच बघितलं. त्याच भातांवर तुम्हाला परदेशात वर्षभर संशोधन करायचं होतं. त्या फेलोशिपचा अर्ज भरत होत्या. वयाच्या अटीमुळं तुमचं हे शेवटचंच वर्ष, असं आईला सांगितलेलं. सात जातींचं भात सात पुड्यांत, प्रत्येकी एक मूठ. त्यांचे फोटो अन मोजमाप अर्जात लागणार, अन दुसऱ्याच दिवशी शेवटची तारीख.

त्या दुपारी तुम्ही कॉलेजातनं आल्या तर ओट्यावर सुपात एकच रास, वर हळदकुंकू. आमच्याकडं नवं भात आलं की धान्याच्या देवीपुढं, कणसरीमाऊलीपुढं, अशी रास घालतात, म्हणजे तिची नजर राहते. अर्ज पास व्हावा म्हणून सगळ्या पुड्या सोडलेल्या. तुम्ही सुपाकडं बघितलं, खुर्ची ओढून बसल्या. आई पटकन म्हणाली, माझ्याकडनं झालं. तुम्ही एवढंच बोलल्या, "अहो, मला विचारायचं तरी." आवाज चढवला नाय, पण चष्मा काढून पुसत राहिल्या.

मग तिघी निवडायला बसलो. लांब दाणा, कुसळाचा, काळ्या टरफलाचा, आईची बोटं भराभर चालत होती. पाच जाती निघाल्या. राहिल्या त्या दोन एकसारख्या, एक हळवं, लवकर येणारं, अन एक गरवं, उशिरा येणारं. ते पेरल्याशिवाय कळत नाय. तेवढ्यात तुमच्या कॉलेजातल्या मोठ्या सरांचा फोन आला. हात सुपात म्हणून तुम्ही स्पीकरवर घेतला. सगळं ऐकून सर म्हणाले, अंदाजानं दोन वाटे करा अन सात लिहून टाका, तिकडं कोणाला कळतंय.

"मला कळतंय ना, सर," तुम्ही म्हणाल्या. "पाचच लिहीन."

नकार आला. कारण त्यांनी लिहिलं नव्हतं. तुम्ही आईला त्यावरून कधी टोचून बोलल्या नाय. उलट पावसाळ्यात ते राहिलेलं भात गच्चीवर बादल्यांत लावलं. दसऱ्याच्या आधी काही बादल्या पिकल्या अन काही हिरव्याच, तेव्हा मला वर बोलावून म्हणाल्या, "बघ, सापडली दोघं." अर्ज तर कधीच गेलेला. पण वहीत ती दोन नावं अशा आनंदानं लिहिली, जसं काय विमानाचं तिकीटच आलंय.

त्या वेळीच सांगणार होते, पण बादल्यांना पाणी घालत राहिले. मॅडम, ती रास आईनं नाय घातली. आई खाली भाजी आणायला गेली होती. मी घातली. हे कुठं पाठवायचं मला माहीत नाय, मोबाईलमध्येच राहील.

दादाचं लग्न ठरलं, पोरगी कळवणची हाय.