बाळाशेजारची जागा

प्रिय चिमे,

माझं अक्षर पाहून काळजात धस्स झालं असेल. आई आहे अजून. सूप अळणी झालं म्हणून आजही तुझ्या वहिनीला सुनावलंय. पण डॉक्टरांनी हात टेकलेत. फार तर दोन आठवडे, म्हणतात.

घरात सतत वर्दळ असते. गाव सोडेपर्यंत तू ज्या चर्चला जायचीस, त्या मंडळीतल्या बायका बुधवारी प्रार्थनेला येतात, आमच्या चर्चच्या शुक्रवारी. गेल्या आठवड्यात दोन्ही गट एकाच दिवशी आले आणि मला वाटलं, आता जुंपते. तुमच्या टाळ्या वाजवून गाणाऱ्या, आमच्या परीक्षेला बसल्यासारख्या गंभीर. आईने डोळे वटारले, तशा सगळ्या एकच गीत गायल्या, अर्ध्या टाळ्या वाजवत आणि अर्ध्या हाताची घडी घालून. मी रंधा हातात धरून दाराआड उभा होतो. इतकं सोपं होतं हे, असं वाटून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आई रविवारी उपासनेनंतर नेहमी तासभर उशिरा घरी यायची. मी समजायचो, बायकांच्या गप्पा. अंथरुणाला खिळल्यावर तिने पाण्याचा डबा माझ्या हाती दिला आणि तुमच्या दफनभूमीत पाठवलं. रस्तासुद्धा मला विचारावा लागला. तिथल्या माळ्याने आधी आजींची चौकशी केली, मग कोपऱ्यातली तुझ्या बाळाची कबर दाखवली. त्या जागेतली पहिली कबर तीच. आईने लावलेला गुलाब कमरेएवढा झालाय. सख्खा मामा असून पंधरा वर्षांत मी पहिल्यांदाच तिथे गेलो.

अकरा दिवसांचं लेकरू. तुमच्याकडे मोठेपणीच बाप्तिस्मा देतात, आणि आमच्या दफनभूमीत बाप्तिस्मा न झालेल्याला जागा नाही. तुमच्या मंडळीकडे तेव्हा स्वतःची वीतभर जमीन नव्हती. तू बाबांच्या कबरेजवळ जागा मागितलीस. मी येऊन सांगितलं की आमचे पाळकसाहेब नाही म्हणतात. तुमच्या लोकांनी धावपळ करून जमिनीचा तुकडा मिळवला, तोवर तीन दिवस बाळ शवागारात राहिलं. पेटी मीच केली. माप घ्यावं लागलं नाही, पाळणाही माझ्याच हातचा होता. तू माझ्या गळ्यात पडून म्हणालीस, दादा, तू तरी माझा आहेस.

चिमे, पाळकसाहेब नाही म्हणालेच नव्हते. त्यांनी कुदळ आणायला सांगितली होती. चर्चच्या कमिटीचा सेक्रेटरी मी. नियमांची वही त्यांच्यापुढे उघडून मी बजावलं, खड्डा खणलात तर वीस कुटुंबं घेऊन बाहेर पडेन. तू आम्हाला सोडून दुसऱ्या मंडळीत गेलीस, तो राग मी त्या एवढ्याशा जिवावर काढला. पाळकसाहेबांनी मंडळी फुटू नये म्हणून माघार घेतली आणि माझं पाप स्वतःच्या माथी घेऊन गेले. तू त्यांच्या मयतीलाही आली नाहीस. मी शवपेटीला पुढून खांदा दिला आणि लोकांनी माझं कौतुक केलं.

आईला हे पहिल्यापासून ठाऊक होतं. माझ्या घरचं जेवली, पण त्यावर अवाक्षर काढलं नाही. परवा बोलली. तिला बाबांशेजारी नाही, तुझ्या बाळाशेजारी पुरायचंय. दोन्हीकडचे आताचे पाळक मिळून विधी करायला तयार आहेत, आमच्या कमिटीनेही हरकत घेतलेली नाही. पण ती जागा तुझ्यासाठी राखलेली आहे, तुझी सही लागते. कागद सोबत आहे. तुमचे पाळक तुझ्या गावी येतायत, त्यांच्याच हाती हे पाठवतोय. खरं सांगितल्याशिवाय सही मागायची नाही, ही आईची अट. मी ते आपणहून सांगितलं असतं, असं म्हणायची माझी छाती नाही. तेव्हा मला काही लिहू नकोस. आईला मात्र जागा दे.

तुझाच म्हणवून घ्यायचा हक्क नसलेला,
दादा