जिना उतरताना

१२ फेब्रुवारी, संध्याकाळचे पावणेसात.

मामा, नमस्कार.

उद्या फायनल आहे. चेंडूंत हवा भरून झाली आणि लिहायला बसलो.

गेल्या वर्षी फायनलला तुम्ही आपल्या हुकमी खेळाडूला, लंबूला, दुखऱ्या गुडघ्यामुळे बाहेर बसवलंत. आपण हरलो आणि प्राचार्यांनी तुमची एकोणीस वर्षांची कोचगिरी संपवली. तुमच्या जागी मला, अर्धवट शिकलेल्या भाच्याला, घेतलं. का, तर मी उलट बोलणार नाही म्हणून. आज ते म्हणाले, "मामाचे गुण उधळू नकोस. उद्या लंबू खेळलाच पाहिजे."

लंबू म्हणतो, "गुडघा एकदम ठणठणीत, सर!" पण तुम्ही कधी कुणाला गुडघ्याबद्दल विचारायचा नाहीत. सगळ्यांना गॅलरीत पिटाळायचात आणि जिना उतरताना बघायचात. आज मीही तेच केलं. लंबू वर उड्या मारत गेला. उतरताना मात्र त्याने कठडा धरला आणि मला बघताच सोडला.

"कप कपाटात राहतो रे, गुडघा जन्मभर सोबत येतो," असं तुम्ही म्हणायचात. आम्ही पाठीमागे तुमची नक्कल करायचो.

हे पत्र मी पाठवणार नाही. वाचलंत तर धावत याल आणि म्हणाल, "गाढवा, आईकडे बघ, नोकरी सांभाळ." आईला अजून काही बोललेलो नाही. पण उद्याची यादी लिहून, तपासून, फलकावर लावली आहे. लंबूचं नाव त्यात नाही.

तुमचा भाचा,
उद्या संध्याकाळपर्यंतचा कोच