भोरड्या आल्यात म्हणावं

राहू, ता. दौंड
२ जानेवारी

प्रिय स्वप्नाली,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तू ओळखलं असशील. छत्तीस वर्षं फळ्यावर लिहून वळण पडलेलं अक्षर, ते काही लपत नाही. फोन का केला नाही, म्हणशील. तीनदा नंबर काढला आणि तीनदा फोन उशाखाली ठेवून दिला. मेसेज करावा म्हटलं, तर आपण लिहितोय हे समोरच्याला दिसतं म्हणे. अर्धा तास लिहून पुसणारी बाई तुला तिकडे दिसली असेल या विचाराने मला घामच फुटला. म्हणून सरळ कागद घेतला. पत्ता सत्यजीतकडे मागितला नाही, तुझ्या आईंना फोन केला. त्यांनी नाशिकचा पत्ता नीट दोनदा सांगितला आणि एका शब्दाने काही विचारलं नाही. फार समजूतदार बाई आहेत. तू त्यांच्यावर गेली नाहीस.

आता मुद्द्याचं. यंदाच्या हिवाळ्यात तू इकडे यावंस असं मला वाटतं. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर चार पानं नुसती गोल गोल फिरवीन आणि शेवटी तब्येतीला जप म्हणून मोकळी होईन. मला ठाऊक आहे, तुझ्या हाकेच्या अंतरावर नांदूरमधमेश्वर आहे, तिथे हजारांनी पाखरं उतरतात. आमच्या इथल्या चार बदकांसाठी दोनशे किलोमीटर कोण येणार! तरी जागा मी हेरून ठेवल्यात. आपली पद्धत तीच ठेवलीय, आधी पाखरं कोणती, मग उजेड कुठून, मग पोचायचं कसं आणि अडचण काय. दिवाळीपासून हाच उद्योग चाललाय. गुडघा दुखतो, पण तो घरी बसूनही दुखतोच.

पहिली जागा नदीचीच. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला जलपर्णीने सगळं हिरवंगार करून टाकलंय, तिथे बघण्यासारखं काही नाही. पण खालच्या अंगाला खडक उघडे पडलेत आणि पाणी घोट्याएवढं आहे. शेकाट्या आहेत, तुतारी आहे, आणि नाताळाच्या आधल्या दिवशी चक्रवाक उतरले. अकरा आहेत. चक्रवाक जोडीने राहतात असं तूच मला शिकवलंस, त्यामुळे अकरा म्हटल्यावर मी पुन्हा मोजले. अकराच. बाराव्याचं काय झालं असेल या विचारात त्या दिवशी भाजी करपली. उजेड सकाळी आठपर्यंत पाठीमागून येतो, तुला लागतो तसाच. अडचण एवढीच की समोर घाट आहे. गावातल्या निम्म्या पोरींना मी बाराखडी शिकवलीय, त्या आता पोरंबाळं घेऊन तिथे येतात. तू आणि मी खडकावर बसलेलो दिसलो तर संध्याकाळपर्यंत बातमी भांडगावला पोचेल.

त्याच खडकावर तू मला पहिल्यांदा दुर्बीण दिलीस, आठवतं? लग्नानंतरचा पहिला हिवाळा. नवी सून, पहाटे साडेपाचला गळ्यात कॅमेरा अडकवून, सत्यजीतचं जाकीट घालून निघाली. मी गॅसपाशी चहाचं आधण ठेवून उभी, आणि मनातून अशी खट्टू झाले की विचारू नकोस. तुला अडवायची हिंमत नव्हती, एकटी सोडायची त्याहून नव्हती. म्हणून राखण करायला मागोमाग आले, स्वेटरवरून पदर खोचून, तोंड वाकडं करून. तू नुसती दुर्बीण पुढे केलीस. कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी फडफडत थांबला होता, आणि मग दगड सोडावा तसा सरळ खाली. त्या नदीत मी चौतीस वर्षं कपडे धुतले होते, गौरी बोळवल्या होत्या, आणि हा पक्षी कधी बघितला नव्हता. मला तुझा राग आला होता तो कुठे गेला ते कळलंच नाही. नंतर पाच हिवाळे आपण दोघी हिंडलो. सत्यजीत बारा वाजेपर्यंत झोपायचा आणि उठून म्हणायचा, सासू-सुनेचं भांडण तरी बरं, निदान वेळेवर जेवायला मिळतं.

आणि ह्यांचा धोबी! तू मोठ्या अदबीने विचारलंस, बाबा, नदीवर धोबी येतो का हो? आणि हे वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाले, ‘आगं नदीवर कशाला, कापडं मशीनमधी टाक की.’ शेपटी हलवत फिरणाऱ्या एवढ्याशा पाखराला धोबी म्हणतात, हे सोसायटीच्या चेअरमनला चौसष्टाव्या वर्षी कळलं. आता हिवाळ्यात तो अंगणात दिसला की मला हाक मारून सांगतात, ‘तिचा धोबी आला बघ.’ तिचा म्हणतात. तुझं नाव काही त्यांच्या तोंडून येत नाही.

दुसरी जागा भांडगावचा माळ. तिथे भोवत्या अजून येतात. दिवस कलायला लागला की एक एक करत गवतावर घारीसारख्या घिरट्या घालतात आणि रात्रीच्या मुक्कामाला खाली बसतात. मी आठ मोजल्या. तू म्हणायचीस, भिगवणला एका रोहित पक्ष्याला चाळीस कॅमेरे असतात, आणि इथे आठ भोवत्यांना आपण दोघी. आता माळाचा अर्धा भाग तारेच्या कुंपणात गेलाय, प्लॉट पाडलेत, रस्त्यांना झाडांची नावं दिलीत आणि झाड एक नाही. तिथला राखणदार लांबचा आहे. त्याने मला हटकलं, ‘माताजी, प्लॉट देखना है क्या?’ मी म्हटलं, चिडिया देखना है. त्याने मला बसायला खुर्ची दिली, वेडी समजला असावा. यष्टी हायवेवर थांबते, तिथून पंधरा मिनिटं चालायचं. अडचण अशी की भोवत्या संध्याकाळच्या, म्हणजे परतायला अंधार होणार, आणि इतका वेळ कुठे होतीस याचं उत्तर घरी द्यावं लागणार.

तिसरी तळेगाव ढमढेरे. वेळ नदीच्या डबक्यांत थापट्या बदकं आहेत, चोचीचा पसरट चमचा करून चिखल गाळत असतात. तिथे जायला मला बाजाराचं निमित्त आहे आणि माहेर आहे. जीपने तासाभरात पोचते. पण सोपानदादाच्या घरावरून गेल्याशिवाय नदी येत नाही, आणि माझी भावजय खिडकीत बसूनच भाजी निवडते.

एवढं लिहून झालं आणि मी माझीच यादी पुन्हा वाचली. स्वप्नाली, बाई, ही काय पाखरांची यादी आहे? प्रत्येक जागेपुढे मी लिहिलंय कोण बघेल, कोण विचारेल, घरी काय सांगायचं. पूर्वी आपण अडचणीच्या रकान्यात चिखल आणि कुत्री लिहायचो. दिवाळीपासून मी गुपचूप भेटायच्या जागा शोधत हिंडतेय, कॉलेजातल्या पोरीसारखी, या वयात! चोरी केलीय का आपण? कोर्टाने घटस्फोट तुमच्या दोघांचा केला. तो कागद मी चष्मा लावून दोनदा वाचलाय, त्यावर माझं नाव कुठे नव्हतं. कुणाचं किती चुकलं ते मी तेव्हा विचारलं नाही आणि आता विचारत नाही. सत्यजीत माझा लेक आहे, तो घरात असून घरात नसतो हे मला तुझ्याआधीपासून माहीत होतं. पण नवरा सुटला म्हणून सासूही सुटली पाहिजे, हे कुणी ठरवलं? मला तुझी फार आठवण येते. हे लिहायला दोन वर्षं लागली.

म्हणून या तिन्ही जागा खोडते आणि चौथी सांगते. ती आपल्याच मळ्यात आहे. मागच्या फेब्रुवारीत विहिरीकडच्या दीड एकरातला ऊस तोडून गेला, तेव्हा मी पुन्हा फुटायला खोडवा ठेवू दिला नाही. ह्यांना म्हटलं, इथे शाळू पेरायचा. पाणी असून काळ्या रानात ऊस मोडून ज्वारी! गावाने चेअरमनला हसून घेतलं. ‘आप्पा, आता हुरडा पार्टीचा धंदा काढता काय?’ हे घरी येऊन माझ्यावर चिडले, म्हणाले, ‘ज्वारी पेरून काय करायचं? पाखरंच खात्याल सगळी.’ मी म्हटलं, खाऊ द्या. त्यावर हे माझ्याकडे बघत राहिले. दसऱ्याच्या आधी पेरणी झाली. दाणा भरायला लागला तसा भोरड्यांचा एक थवा आला, मग दुसरा, आणि आता रोज सकाळी उन्हं वर आली की हजारभर तरी उतरतात. गुलाबी पाठी, काळी डोकी, आणि नुसता कलकलाट. उडाल्या की अख्खं आभाळ वळल्यासारखं वाटतं. उसाच्या हिरव्या भिंती तिन्ही बाजूंना आणि मधे हे. तू नेहमी म्हणायचीस ना, दोन नद्यांमधल्या या बेटात सगळा ऊस झाला, भोरड्यांचा फोटो घ्यायला आता सोलापूरकडे जावं लागेल!

साखरबाईला राखणीला ठेवलीय. दोन कणसं घरापुरती वाचावीत म्हणून, बाकी काही नाही. ती गोफण घेऊन माळ्यावर चढते आणि वरून मला ओरडून विचारते, ‘बाई, पाखरं हाकायची का न्हाई, येकदा काय ते सांगा.’ मी म्हणते, कडेची हाक, मधली राहू दे. तिला वाटतं रिटायर झाल्यापासून बाईंचं डोकं फिरलंय. आणि काल सकाळी हे चहाचा कप घेऊन बांधावर आले. बराच वेळ उभे राहिले. भोरड्या उठल्या, वळल्या, पुन्हा बसल्या. चहा तसाच निवून गेला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘स्वप्नालीला कळीव. भोरड्या आल्यात म्हणावं. आन् घरी उतर म्हणावं, लॉजबिज नगं.’ नाव घेतलं त्यांनी. दोन वर्षांनी. मी पदराने चष्मा पुसत बसले.

एक गोष्ट सांगायची राहिलीय, आणि ती सांगितल्याशिवाय ये म्हणायचा मला हक्क नाही. तू सामान न्यायला आलीस त्या दिवशी मी घरी नव्हते. सोपानदादाची तब्येत बिघडली म्हणून तळेगावला गेले, असं तुला सांगितलं गेलं. दादाला साधी शिंकसुद्धा आली नव्हती. मी मुद्दाम गेले. तू समोर आलीस तर मला रडू आवरणार नाही, आणि रडले तर लेकाच्या विरुद्ध उभी राहिल्यासारखं दिसेल, एवढंच डोक्यात होतं. छत्तीस वर्षं पोरांना खरं बोलायला शिकवलं आणि ऐन वेळी भावाच्या ओसरीवर लपून बसले. संध्याकाळी साखरबाईने सांगितलं, ‘लई येळ थांबली व्हती वो पोरगी. दोनदा इचारलं, आई कवा येत्याल.’ तुझी दुर्बीण तेवढी खुंटीला होती. विसरलीस की ठेवलीस, ते मी विचारणार नाही. पण मला माफ कर.

आता शेवटचं, ज्याच्यासाठी हे पत्र आजच टाकायचं आहे. सत्यजीतचं लग्न ठरलं. फेब्रुवारीच्या बावीस तारखेला, दौंडला. तुला हे कुणाच्या तरी फोनवरच्या फोटोतून कळू नये, मीच सांगावं, असं वाटलं. मुलीचं नाव वैष्णवी. चांगली आहे. चांगली नसती तर मला सोपं गेलं असतं. परवा फोनवर तिने विचारलं, मी तुम्हाला काय म्हणू? साधा प्रश्न, आपल्याकडे सुना सासूला आईच म्हणतात. पण माझी जीभ उचलली नाही. म्हटलं, सांगते मग. ती बिचारी घाबरली असेल, आपलं काय चुकलं म्हणून. तिचं काही चुकलं नाही, मी तिला आई म्हणू देणार आहे, अगदी मनापासून. फक्त त्याआधी एकदा तू ये. भरदिवसा ये, पुढच्या दाराने ये, गाडी अंगणात लाव आणि फाटकातूनच मोठ्यांदा हाक मार, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी. मग मी त्या पोरीला उत्तर देईन. तोवर ते दोन अक्षरी नाव मी कुठे वापरत नाही, म्हणून खाली सहीतही नाही.

तुझीच,
साधना