नुसतं बसायचं आहे

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (हा शब्द पत्राची सुरुवात म्हणून लिहिलेला नाही. मी सतरंजीवर पालथा पडून हे लिहितोय. आठही अंगं जमिनीला टेकलेली आहेत आणि उठायची त्यातल्या एकाचीही इच्छा नाही.) तुझी तब्येत कशी आहे? वहिनीची पाठ काय म्हणते? तू अजून दिवसभर आरामखुर्चीतच असतोस ना, आणि जेवण पूर्वीसारखंच अंगी लागतंय ना? असू दे, असंच असू दे. इकडचं विचारशील तर सगळे मजेत आहेत, मी सोडून. दमलो रे दादा. एवढं एक वाक्य लिहून पत्र पाकिटात घातलं असतं तरी चाललं असतं, पण मग तू म्हणाला असतास की शेंडेफळाला पहिल्यापासून कामाचा कंटाळाच.

आता पहिल्यापासून सांगतो. वजनमापे खात्यात मी उभी हयात घालवली हे तुला माहीत आहेच. दुकानोदुकानी हिंडलो, काटे तपासले, खोट्या वजनांवर दुकानदारांशी भांडलो, खऱ्या वजनांवर शिक्के मारले. निवृत्तीनंतर काय करायचं हे माझं पक्कं ठरलेलं होतं, आणि ते म्हणजे काही नाही. ते मी मन लावून सुरूही केलं होतं. तेवढ्यात आक्काचा फोन आला. "जरा येऊन जा रे खेळघरात. काम काही नाही, नुसतं बसायचं आहे." आता आक्काचं "जरा" म्हणजे काय असतं हे आपल्या दोघांपेक्षा जास्त कोणाला ठाऊक आहे? तिने "जरा हात लाव" म्हटल्यावर आपण लहानपणी अख्खं कपाट जिन्यावरून उतरवलं होतं. तरी गेलो. मला वाटलं, वय झालंय, फाटकाशी खुर्ची टाकून देईल, येणाऱ्याजाणाऱ्याला मान डोलवायची आणि संध्याकाळी घरी. बसण्यात मी कोणाला हार जाणार नाही (तू सोडून).

तू तिचं खेळघर पाहिलेलं नाहीस, म्हणून सांगतो. जुनं गोदाम आहे, पुढे मोठं अंगण, अंगणाला विटांची उंच भिंत. सगळ्या प्रकारची मुलं येतात. धावणारी, चाकांच्या खुर्चीतून येणारी, न बोलणारी, बोलणं न थांबवणारी, जरा मोठा आवाज झाला की कानावर हात ठेवून कोपऱ्यात जाणारी. आणि सगळी एकाच अंगणात, एकाच वेळी. वाळूचा हौद टेबलाएवढ्या उंचीवर आहे, म्हणजे खुर्चीतल्या मुलांचे हात पोचतात. घसरगुंडीला पायऱ्यांऐवजी उतार आहे. आईवडिलांना आत प्रवेश नाही. त्यांच्यासाठी फाटकाबाहेर बाकं आहेत आणि त्या बाकांवर बसून त्यांनी तासभर काहीही करायचं नाही अशी आक्काची सक्त ताकीद आहे. पहिल्या दिवशी मी त्या बाकांवर दोन आया बसल्या बसल्या झोपलेल्या पाहिल्या आणि खरं सांगतो, मला आक्काचा अभिमान वाटला. आपल्या तिघांत अक्कल म्हणून जेवढी आली ती सगळी तिच्याकडे गेली, आपल्या वाट्याला नुसती अंगं आली.

तर अशा अभिमानाने भरलेल्या अवस्थेत मी आत शिरलो आणि चाकांच्या खुर्चीतली एक आठनऊ वर्षांची मुलगी पाहून माझ्या तोंडून निघालं, "अरेरे, बिचारी!" झालं! घसरगुंडीवरचं पोर अर्ध्यात थांबलं (कसं थांबलं देव जाणे). त्या खेळघराचा एक कायदा आहे जो आक्काने मला मुद्दाम सांगितला नव्हता असा माझा ठाम संशय आहे. "बिचारं" म्हणणाऱ्याने ज्याला तसं म्हटलं, त्या मुलाचं त्या संध्याकाळी मुकाट ऐकायचं. त्या मुलीने मला वरपासून खालपर्यंत निरखलं. मी दुकानदाराच्या तराजूकडे बघायचो ना, अगदी तशीच नजर. मग म्हणाली, "हे काका चांगले जड आहेत. यांना त्या टोकाला बसवा."

तिथे एक सी-सॉ आहे. सुताराने खास करून दिलेला, एका टोकाला पाठीची आणि पट्ट्यांची भक्कम खुर्ची, दुसऱ्या टोकाला साधी बैठक, एकाच माणसाची. या मुलीच्या पायांत जोर नाही, त्यामुळे तिला जमिनीला रेटा देता येत नाही. म्हणजे समोरच्याने बसायचं की ती वर जाणार, त्याने उठायचं की ती खाली येणार. आक्काच्या मदतनीस पोरी हवेच्या झुळकीसारख्या. त्या बसल्या तर फळीला पत्ताच लागत नाही. मी बसलो आणि ती वर गेली. मग दांडी धरून हळूहळू उठलो, ती खाली आली. "पुन्हा," ती म्हणाली. पुन्हा बसलो. दादा, शाळेत आपण ज्या उठाबशा शिक्षा म्हणून काढल्या, त्या मी आता पांढऱ्या मिशा घेऊन रोज काढतो. आक्काला म्हटलं, तू तर नुसतं बसायचं म्हणाली होतीस! तर म्हणते, "मग बसायलाच सांगितलंय की. उठायचं तुझं तू बघ." शिक्षा एका संध्याकाळची होती. ती संपली, हे मात्र मला अजून कोणी कळवलेलं नाही.

आता त्या मुलीचं. तिला सगळे बातमीदार म्हणतात. चाकांच्या खुर्चीत बसलं की माणसाला जगाचे पट्टे आणि पोटंच दिसतात (हे तिचं म्हणणं). पण फळी वर गेली की तिला भिंतीपलीकडचं दिसतं, आणि एवढ्या उंचावरून ते दिसणारी अख्ख्या अंगणात ती एकटीच. वर गेली की ती बातम्या देते. टायरवाल्याचा कुत्रा आज टायरमध्ये वेटोळं करून झोपलाय. समोरच्या गच्चीवरचे टकले आजोबा चोरून दोरीच्या उड्या मारायला शिकतायत, कालपेक्षा एक जास्त झाली, आता पाय अडकला, आता इकडेतिकडे बघतायत. खाली सगळी पोरं जमतात. चौकशी नावाचं एक पोर आहे (नाव अर्थात मुलांनीच ठेवलेलं). त्याला दिसत नाही आणि प्रश्न थांबत नाहीत. दोरी कोणत्या रंगाची? आजोबा हसले का? कुत्र्याचं शेपूट टायरच्या आत की बाहेर? आणि बातमी ऐन रंगात आली की माझे गुडघे बोलायला लागतात. मी उठतो, बातमीदार खाली येते आणि सगळी पोरं माझ्याकडे अशी बघतात की मीच आजोबांची दोरी कापली. मलाही काही दिसत नाही हं, माझी पाठ भिंतीकडे असते. त्यामुळे पुढे काय झालं हे कळायला मलाही पुन्हा बसावंच लागतं.

यातून सुटायचं म्हणून मी खात्याची विद्या वापरली. (इथे तू हसणार आहेस, हस.) माझ्या जागी वाळूची पोती बांधली. थोडी वाळू घाल, थोडी काढ, असं करत बातमीदाराला खुर्चीत बसवून फळी अशी समतोल केली की कोणत्याही अधिकाऱ्याने डोळे मिटून शिक्का मारावा. खडूने शिक्का काढलासुद्धा. सगळ्यांना बोलावलं. फळी आडवी, केसाचाही फरक नाही! हयातीत इतका खरा काटा मी पाहिला नव्हता. बातमीदार समोरच्या विटांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "काका, हे बंद पडलंय."

मी ईर्ष्येला पेटलो आणि आणखी एक पोतं चढवलं. ती वर गेली. आणि वरच राहिली! खाली यायला तयारच नाही, बातम्यांचा नुसता पाऊस. मी पायावर पाय टाकून उरलेल्या पोत्यावर बसलो, म्हटलं जिंकलो. तेवढ्यात पोत्याची शिवण उसवली. वाळू भसाभस खाली आणि फळी कलायला लागली. सुतार तिथेच बिजागरीला तेल घालत होता म्हणून. त्याने खांद्यावर फळी झेलली, नाहीतर काय झालं असतं ते मला लिहवत नाही. पोरगी खिदळत होती. फाटकाबाहेर तिची आई उभी राहिली होती, तिच्याकडे बघायचं सोडून मी खाली वाकून वाळू गोळा करायला लागलो. आक्का एक अक्षर रागावली नाही. वाळू झाडताना एवढंच म्हणाली, "तू उठताना 'हळू, उठतोय हं' असं म्हणतोस ना, ते पोत्याला म्हणता येत नाही रे." त्या दिवसापासून फळीवर पोत्यांना बंदी. मदतनीस पोरगी बसली तर तिच्यासोबत अर्धं पोतं कसं पुरेल याचं गणित मी तिला दोनदा मांडून दाखवलं. गणित बरोबर आहे म्हणाली, आणि पोतं उचलून आत ठेवलं.

आणि आता शेवटचं दुखणं ऐक. रोजच्या उठाबशांनी मी वाळलो. डॉक्टर वर्षानुवर्षं वजन उतरवा म्हणून कानीकपाळी ओरडत होता, तो आता पाठ थोपटतो. पट्ट्याला नवी भोकं पाडून झाली. तिकडे बातमीदार मुलांच्या रीतीप्रमाणे वाढतेय. गेल्या आठवड्यात मी बसलो, आणि फळी अर्ध्यावर लोंबकळली. मागे सरकलो, पोटभर श्वास घेतला, आक्काची जाड पितळी खलबत्त्याची जोडी मांडीवर घेतली (पोत्यांसारखीच निर्जीव वस्तू म्हणून आक्काने ती जप्त केली). फळी हलेना. ती विटांकडे बघत होती. मग विचारते, "काका, भिंत वाढली का हो?" खालून चौकशी म्हणाला, "भिंत नाही वाढली, काका कमी झाले." पोरं थोडा वेळ बातमीची वाट बघत थांबली आणि मग एकेक करून पांगली. तिने स्वतःच पट्टा सोडायला घेतला. मला फार वाईट वाटलं रे. सुतार नवी फळी करून देणार आहे उद्या. त्याचं उद्या काही आजच्याला लागून येत नाही.

तर विनंती अशी. वजन म्हणून मी आता बाद झालो. खात्यात तपासणीला आलो असतो तर माझ्यावर फुली मारून मला मोडीत काढलं असतं. तू आक्काला एक पत्र टाक, की दादाची तब्येत बरी नाही, धाकट्याला ताबडतोब पाठव. तिला तोंडावर नाही म्हणायची छाती माझ्यात नाही, तुझ्यातही नाही, पण पत्रात तुला जमेल. मला आता खरंच विश्रांती हवी आहे. वहिनीला नमस्कार, तुला पुन्हा एकदा पालथा नमस्कार.

तुझा दमलेला,
धाकटा

ता. क. आक्काला ते तब्येतीचं पत्र टाकू नकोस. हे पत्र पाकिटात घालून मी खेळघरात गेलो होतो. बातमीदार भिंतीशी खुर्ची लावून बसली होती आणि चौकशीला बातम्या देत होती, आजोबांच्या शंभर उड्या झाल्या, कुत्रा टायर घेऊन पळाला. सगळ्या खोट्या. चौकशीने एकही प्रश्न विचारला नाही. त्याचं नाव चौकशी आहे दादा, आणि त्याने एकही प्रश्न विचारला नाही.

ता. क. दुसरं. तुझं हल्लीचं वजन किती ते कळव. खरं कळव, मी खात्यातला माणूस आहे. उतरलं असेल तर आजपासून दोन वेळा पोटभर जेव. वजन तुझं, उठताना हात माझा, तुला फार त्रास नाही.

ता. क. तिसरं. वहिनीशी मी फोनवर बोललो. तुझी बॅग भरून दाराशी ठेवलेली तुला दिसलीच असेल. ती इतक्या चटकन तयार झाली याचं वाईट वाटून घेऊ नकोस. ये, आणि घाबरू नकोस. काम काही नाही, नुसतं बसायचं आहे.